एकशेचार चौरस फुटांतला मधला ओटा

आमचं स्वयंपाकघर 9 फूट 2 इंच रुंद आणि 11 फूट 4 इंच लांब. फ्लॅटच्या जुन्या नकाशात रुंदी साडेनऊ फूट लिहिलेली आहे, पण ते माप विटांपासून विटांपर्यंतचं. त्यावर गिलावा चढला, टाइल्स लागल्या, आणि पुढे 2011 साली त्या टाइल्स न उखडता त्यांच्यावरच आम्ही नव्या बसवल्या. दोन्ही भिंतींचे मिळून चार इंच असे गेले. तेव्हा त्या चार इंचांचं काही वाटलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या मध्ये एक ओटा हवा असं मनात आलं, तेव्हा मात्र एकेका इंचाची किंमत कळत गेली.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. इमारत तीस वर्षांपूर्वीची. स्वयंपाकघरात एका लांब भिंतीला कडप्प्याचा ओटा, बाल्कनीकडच्या टोकाला सिंक, दाराकडच्या बाजूला शेगडी. समोरच्या भिंतीला फडताळ आणि फ्रीज. हॉलमधून आत यायचं दार एका आखूड भिंतीत आणि त्याच्या बरोब्बर समोरच्या भिंतीत ड्राय बाल्कनीचं दार. धुण्याचं मशीन आणि भांड्यांची मोरी त्या बाल्कनीत. म्हणजे घरातली सगळी वर्दळ स्वयंपाकघरातून आरपार.

ओटा हवा होता तो सासूबाईंसाठी. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत आणि दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या दारातच विळी घेऊन बसायच्या. भाजी त्यांनी चिरायची, फोडणी मी द्यायची, आणि दोघींच्या गप्पा चालू. मग डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली. त्या हॉलमधल्या खुर्चीत गेल्या. मांडीवर ताट घेऊन मेथी निवडायच्या, टीव्ही लावून. मी आत, भिंतीकडे तोंड करून. मधूनच आवाज यायचा, "अगं, गूळ घातलास का आमटीत?" मी शेगडीवरून ओरडून उत्तर द्यायची, चिमणीच्या आवाजात ते त्यांना ऐकू जायचं नाही, आणि त्या पुन्हा विचारायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरातली माणसं पाठमोरीच दिसतात मला आता." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

पहिल्यांदा आम्ही मॉड्युलर किचनच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने तासाभरात कॉम्प्युटरवर सुंदर चित्र काढून दिलं. मध्ये पाच फूट बाय अडीच फूट आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा, बेटासारखा ओटा, वरून लोंबणारे दोन दिवे, दोन उंच स्टूल. चित्रातलं स्वयंपाकघर प्रशस्त दिसत होतं. मी विचारलं, ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये किती जागा राहते? तीस इंच. आणि पलीकडच्या बाजूला? त्याने माऊस हलवून बघितलं. सव्वीस. फडताळ चित्रातून परस्पर गायब झालं होतं. शहात्तर वर्षांच्या बाईने उंच स्टुलावर चढून बसायचं कसं, हा प्रश्न तर तिथे कुणालाच पडला नव्हता. कोटेशन साडेचार लाखांचं. ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि आम्ही घरी आलो.

माझी लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चित्र बघून ती म्हणाली, "आई, यात सगळी दारं बंद आहेत. आपण सगळं उघडून मोजूया." त्या रविवारी आम्ही तसंच केलं. ओट्याखालची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली: वीस इंच. तिच्यातलं खालचं भांडं काढायला मी वाकले तेव्हा ट्रॉलीच्या कडेपासून माझ्या पाठीमागपर्यंत लेकीने टेप धरला: एकोणीस इंच. म्हणजे मला एकटीला कुकर काढायचा तर एकोणचाळीस इंच लागतात, आणि त्या वेळी माझ्या मागून कुणी जाऊ शकत नाही. फ्रीजचं दार उघडल्यावर अठ्ठावीस इंच पुढे येतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींची पाटी बावीस इंच रुंद, आणि ती कडेवर घेतली की मावशी धरून तीस.

अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या शिफारशी लेकीला पाठ होत्या. एकटं माणूस काम करत असेल तर दोन ओट्यांमधली जागा किमान 42 इंच, दोघं असतील तर 48, आणि नुसतं ये-जा करायला 36. आकडे तिकडचे असले तरी आमच्या टेपवरचे एकोणचाळीस इंच त्यांच्या जवळच येत होते, म्हणून मला ते पटले.

मग ती कागदावर वजाबाकी करायला बसली. रुंदी 110 इंच. ओट्याचे 24 गेले, उरले 86. मधला ओटा चारी बाजूंनी मोकळा ठेवायचा तर कामाच्या बाजूला 42 आणि मागच्या बाजूला 36, मिळून 78. खाली राहिले आठ इंच. आठ इंचांत आमचा पोळपाटसुद्धा मावत नाही.

त्या आठ इंचांनी मी दोन दिवस गप्प झाले होते. कुणी सांगितलं, हॉलकडची भिंत पाडा, मग हवं तेवढं मोठं आयलंड करा. ती भिंत साडेचार इंची पडदी आहे, तिच्यावर इमारतीचा भार नाही हे आम्ही इंजिनिअरला आणून तपासून घेतलं. पण भिंतीच्या पलीकडे आमचा देव्हारा आहे, आणि हॉलच्याच एका कोपऱ्यात सासूबाईंची दुपारची आडवं पडायची जागा. मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट त्यांच्या उशाशी जायला मला नको होता. ज्यांच्याकडे स्वयंपाक सौम्य असतो किंवा घर उंचावर आणि वाऱ्याचं असतं त्यांना भिंत पाडणं जमतही असेल. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा ठेचा होतो.

वाट दाखवली ती सुताराने. हे मिस्त्री आमच्याकडे वीस वर्षं येतात. कागदावरचा चौकोन बघून त्यांनी पेन्सिल मागितली आणि तो चौकोन नव्वद अंशांत फिरवला. "वहिनी, लांबी ओट्याला समांतर कशाला? काटकोनात घाला, आणि एक टोक समोरच्या भिंतीला टेकवा. मागची वाट वाचते."

बेटाचं द्वीपकल्प झालं एवढंच. पण हिशेब पार बदलला. आता 110 इंचांच्या रुंदीत एकच वाट सोडायची होती, ती मधल्या ओट्याचं टोक आणि मोठा ओटा यांच्यामधली. 86 मधून 42 गेले तर मधल्या ओट्याला 44 इंच लांबी मिळत होती. आणि खोलीच्या 136 इंचांच्या लांबीत त्याच्या दोन्ही अंगांना ऐसपैस जागा राहत होती: बाल्कनीकडे उभं राहून काम करायची, दाराकडे खुर्ची टाकून बसायची. समोरासमोर. हे त्या कागदावर दिसलं तेव्हा मला खरोखर भरून आलं.

मिस्त्री त्याला पहिल्यापासून मधला ओटा म्हणाले, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

कागदावर जमलं म्हणून लगेच प्लाय कापायला द्यायचा नाही, हे लेकीने बजावलं होतं. 2024 साली गणपती 7 सप्टेंबरला होते. आमच्याकडे गौरीही असतात, म्हणजे सहा दिवस घर भरलेलं. लेक म्हणाली, परीक्षा घ्यायची तर याच दिवसांत, कारण वर्षभरात स्वयंपाकघरात इतकी माणसं एका वेळी पुन्हा येत नाहीत. सासूबाईंना आधी पटलं नाही. "सणाच्या दिवसांत खोकी कसली मांडताय?" पण नातीपुढे त्यांचं चाललं नाही.

पहिल्यांदा फरशीवर खडूने आकार काढला. नुसत्या खडूचा उपयोग नसतो, हे अर्ध्या तासात कळलं. सगळे त्याच्यावरून चालतच जात होते. मग वाण्याकडून तेलाच्या पिशव्यांची रिकामी खोकी आणली, हलू नयेत म्हणून त्यांत रद्दी ठासली, खाली विटा आणि वर माळ्यावरचा जुना प्लाय. फडताळ आधीच रिकामं करून बाजूला सरकवलं होतं. बसायच्या बाजूला पाच इंच खाली लेकीचा ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकला. त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची. वर जुनी चादर अंथरली तर पाहुण्यांना ते टेबलच वाटलं.

सुरुवातीला आम्ही लांबी चार इंच वाढवून घेतली होती, 48. मला जास्त जागा हवी होती. वाट राहिली 38 इंचांची, आणि चालून बघितलं तर ती पुरेशी वाटत होती.

चतुर्थीच्या सकाळी साडेनऊची गोष्ट. जाऊबाई उकड मळत होत्या, सासूबाई खुर्चीत बसून पाऱ्यांना मुखऱ्या पाडत होत्या. चार वर्षांनी. त्यांच्या हाताला पंधरा-सतरा मुखऱ्यांचा मोदक होतो, माझ्या हाताला अकराच्या पुढे जात नाही. पहिले अकरा मोदक वाफवून मी मोदकपात्र दोन्ही हातांनी उचललं आणि मधल्या ओट्यावर ठेवायला वळले. त्याच क्षणी मावशी भांड्यांची पाटी घेऊन बाल्कनीतून आत आल्या. त्यांची पाटी माझ्या कोपराला लागली. पात्र सांडलं नाही, पण झाकणाखालची वाफ माझ्या मनगटावर आली आणि तिथे लाल पट्टा उठला. मावशी बिचाऱ्या घाबरून गेल्या. त्यांची काहीच चूक नव्हती. अडतीस इंचांत गरम भांडं घेऊन वळणारं माणूस आणि पाटी घेऊन चालणारं माणूस मावत नाही, एवढंच होतं. मनगटावर तूप लावून मी पहिलं काम केलं ते टोकाचं खोकं काढून टाकलं. लांबी 44 झाली, वाट 42.

दुपारी सगळं आटोपल्यावर मी मावशींना म्हटलं, आता रिकामी पाटी घेऊन इथून दोनदा जाऊन दाखवा. त्या जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, वाट पुरते. पण हा कोपरा कंबरेला लागतोय." कोपरा त्यांच्या बरोब्बर माकडहाडाच्या वर, कंबरेपाशी येत होता. मावशी आमच्याकडे दिवसातून दोनदा येतात आणि त्या वाटेने निदान दहा वेळा जातात. दुकानातल्या चित्रात त्या कुठेच नव्हत्या. टोकाचे दोन्ही कोपरे गोल करायचे, हे तेव्हाच ठरलं.

लेकीने त्या संध्याकाळी मला फ्रँकफर्ट किचनबद्दल सांगितलं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी ते बेतलं. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट. बाई स्वयंपाक करताना किती पावलं टाकते, हात कुठवर नेते, हे मोजून त्यांनी सगळं हाताशी आणलं, आणि तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनचं मूळ त्यात आहे. ऐकताना मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला. पण ते एका बाईसाठीचं स्वयंपाकघर होतं. तिथे दुसरी व्यक्ती उभी राहिली की सगळं गणित मोडतं. आमच्याकडे सणाला पाच जणी असतात, एरवीही तिघी. त्यांची मोजायची पद्धत घ्यायची आणि माणसं आपली मोजायची, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

तेव्हापासून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नोंदी सुरू झाल्या. कोण कुठे अडतंय, काय ठेवायला जागा नाही, कुणाला कुठे वाकावं लागतंय. गौरीजेवणाच्या दिवशी, 11 तारखेला, पुरणपोळ्यांना उभी राहिले तेव्हा अर्ध्या तासात खांदे भरून आले. खोक्यांची उंची 34 इंच होती. भाजी चिरायला ती बरी वाटली होती, पण लाटताना वरून जोर द्यावा लागतो. माझी उंची पाच फूट दोन इंच, उभं राहून हात काटकोनात वाकवला की कोपर 39 इंचांवर येतं. लाटायला कोपराच्या खाली सहा-सात इंच असलेली पृष्ठभागाची पातळी सोयीची, असं खाली-वर करून बघताना दिसलं. प्लायखालचे एक इंचाचे तुकडे काढले आणि 33 वर आणलं. पुढच्या दहा पोळ्या लाटल्यावर खांद्यांनीच सांगितलं. जाऊबाई माझ्यापेक्षा चार इंच उंच आहेत, त्यांना 35 आवडलं असतं. पण त्या वर्षातून सहा दिवस येतात, मी तीनशे पासष्ट दिवस उभी असते.

सासूबाईंच्या बाजूची उंची मोजताना त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी केला. खुर्ची ठेंगणी असली तर त्यांना उठता येत नाही. बैठक 18 इंच हवीच. मग फळीची खालची बाजू साडेसव्वीसच्या वर हवी, म्हणजे मांड्या अडकत नाहीत. त्यावर प्लाय आणि दगड धरून 28 इंच. रुंदी 14 इंच, कारण त्यांची निवडायची परात साडेतेरा इंचांची आहे. ही फळी पूर्ण 44 इंच लांब ठेवायची होती, पण मग टोकाशी खुर्ची वाटेत येत होती. 32 वर थांबवली. भिंतीपासून 32 इंच, टोकाकडे बारा इंच मोकळे.

फ्रीजचा प्रश्न सगळ्यांत अवघड गेला. तो समोरच्या भिंतीलाच, बाल्कनीकडच्या कोपऱ्यात होता. तिथेच ठेवला तर उभं राहून काम करायच्या जागेत त्याच्या आणि मधल्या ओट्याच्या मध्ये वीस इंच उरत होते. फ्रीज बाहेर काढायचा म्हटल्यावर यजमानांनी जोरदार विरोध केला. हॉलमध्ये आवाज येईल, पाहुण्यांसमोर उघडा पडेल. मी एक पूर्ण दिवस मोजलं: फ्रीज सत्तावीस वेळा उघडला गेला. त्यातल्या सतरा वेळा स्वयंपाकासाठी, आणि त्या सतरांतली निम्मी खेप दूध, कोथिंबीर, लिंबू, आलं-मिरची यांची. सकाळी हे सगळं एका ताटात काढून ठेवलं की सतराचे आठ होतात. आता फ्रीज दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. पाणी प्यायला येणारी माणसं त्यामुळे स्वयंपाकघरात येईनाशी झाली, हा फायदा आम्ही धरलेला नव्हता.

मधल्या ओट्यावर सिंक हवं, असं यजमानांच्या मनात होतं. प्लंबरने फरशीवर बसून समजावलं. सांडपाण्याच्या पाइपला दर चाळीस इंचांना एक इंच तरी उतार हवा. मधल्या ओट्यापासून डक्टपर्यंत आठ फूट, म्हणजे जवळपास अडीच इंच उतार, त्यावर पाइपची स्वतःची जाडी आणि जाळीचा सापळा. स्लॅबला हात लावता येत नाही, खाली दुसऱ्यांचं घर आहे. म्हणजे फरशी पाच-सहा इंच उचलावी लागणार आणि दारात पायरी येणार. पायरी म्हटल्यावर विषयच संपला. शेगडी मध्ये घ्यायचा विचार मी केलाच नाही. चारी बाजूंनी तेल उडणार, आणि चिमणी छतातून टांगावी लागणार.

पितृपक्षात काम सुरू करायचं नाही, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. 12 ऑक्टोबरला दसरा, त्या दिवशी मिस्त्रींनी टेपला आणि करवतीला हळदकुंकू लावलं आणि पहिली रेघ मारली. वसुबारस 28 तारखेला. सोळा दिवस हातात.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावला आणि मान हलवली. "भिंत गुण्यात नाही वहिनी. चार फुटांत पाच सूत गेलीय." म्हणजे सरळ कापलेला दगड भिंतीला लावला तर एका बाजूला पाच सुतांची, अर्ध्या इंचाहून मोठी फट राहिली असती आणि तिच्यात आयुष्यभर पीठ जाऊन बसलं असतं. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा कापून भिंतीला लावून बघितला, पुन्हा कापला, तिसऱ्यांदा तो नखासारखा बसला. तो साचा घेऊनच मी दगड कापायला गेले.

प्लाय मरीन घेतला, त्याच्या भारतीय मानकाचा, IS 710 चा, शिक्का बघून. खाली चार इंची प्लास्टिकचे पाय, म्हणजे फरशी धुतली तरी लाकडाला पाणी लागत नाही. पाय कडेपासून तीन इंच आत घेतले. उभं राहताना आपली पावलं त्या खाचेत जातात आणि पोट ओट्याला टेकतं. ही तीन इंच जागा ठेवली नाही तर माणूस सतत पुढे झुकून काम करतं आणि संध्याकाळी कंबर बोलते. ट्रॉल्या सगळ्या माझ्या बाजूला, तिनांत पोळ्यांचं सामान आणि तिनांत डबे. फडताळातलं निम्मं सामान त्यांत गेलं. उरलेल्यासाठी बाल्कनीकडच्या भिंतीच्या तुकड्यावर बारा इंच खोल मांडणी केली, डब्यांची एक रांग मावेल एवढीच. मागे दुसरी रांग असली की मागचे डबे विसरले जातात.

वायरिंग सोपं गेलं, कारण एक टोक भिंतीला आहे. फरशी खोदावी लागली नाही. मिक्सरसाठी दोन साधे सॉकेट आणि ओव्हनसाठी एक 16 अँपिअरचा, त्याला थेट मुख्य बोर्डापासून वेगळी वायर. पाण्याच्या हातांनी वावर असतो म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून त्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे शॉक लागायची वेळ आली तर वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला.

चौदा इंचांची फळी पुढे लोंबती आहे. सासूबाई उठताना तिच्यावर दोन्ही हातांनी भार देणार, हे मला माहीत होतं. म्हणून दगडाखाली लोखंडी अँगलचे तीन ब्रॅकेट घेतले, थेट ओट्याच्या सांगाड्याला बोल्ट मारून. मिस्त्री स्वतः तिच्यावर बसले, मग त्यांचा मुलगा. तेव्हा मी हो म्हटलं.

दगड आला तो 45 इंचांचा. साच्यावर 44 स्पष्ट लिहिलेलं असताना. दगडवाल्याचं म्हणणं, एक इंचाने काय होतंय, उलट जागा जास्त मिळाली. ग्रॅनाइटचा तो तुकडा तेहेतीस-चौतीस किलोचा, तीन मजले चढवून आणलेला, माणसं घामाघूम झालेली. बसवून टाका म्हणणं सोपं होतं. पण माझ्या मनगटावरचा पट्टा अजून पुरता गेला नव्हता. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि फरशीवर टेप धरून दाखवलं की या एका इंचासाठी आम्ही सहा दिवस खोकी मांडून बसलो होतो. शेवटी त्यांनी कटर आणून बाल्कनीत दगड कापला, दोन्ही कोपऱ्यांना तीन इंचांची गोलाई दिली आणि कडेला अर्धगोल मोल्डिंग काढलं. घरभर पांढरी धूळ झाली. देव्हारा आम्ही आधीच चादरीने झाकला होता.

मधल्या ओट्याचा सगळा खर्च, दगड, लोखंड, वायरिंग आणि मजुरीसकट, 54 हजार रुपये आला. मोठा ओटा होता तोच ठेवला.

एक गोष्ट आज वेगळी केली असती. सॉकेट मी दगडाच्या वर चार इंचांवर घेतले. पीठ मळताना ते उडून तिथे जातं आणि रोज पुसावं लागतं. आठ-नऊ इंच वर घ्यायला हवे होते. खोक्यांना सॉकेट नव्हते, म्हणून ते आमच्या ध्यानात आलं नाही.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी करंज्या घेतल्या. सासूबाई दुपारी तीनला खुर्चीत येऊन बसल्या, समोर सारणाची परात, हातात त्यांचं जुनं पितळी कातण. मी समोर उभी राहून पुऱ्या लाटत होते आणि एकेक पुरी त्यांच्याकडे सरकवत होते. पाच इंच खाली, त्यांच्या हाताशी. त्या सारण भरायच्या, कडेला दुधाचं बोट लावायच्या, कातण फिरवायच्या, आणि करंजी ओल्या कापडाखाली ठेवायच्या. उजव्या हाताला एक पाऊल टाकलं की माझ्यापुढे कढई. मध्येच मावशी पाटी घेऊन गेल्या, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाही हात थांबवावा लागला नाही.

चाळीस-बेचाळीस करंज्या झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या कपाळाला पीठ लागलंय." मी मनगटाने पुसलं. "तिथे नाही, डावीकडे," म्हणाल्या, आणि पुढची पुरी मागायला हात पुढे केला.